‘साहेब’ ही पदवी परत कशी करायची?

पत्र, थोडक्यात: “वय ३३. घर लातूर जिल्ह्यात, चार एकर कोरडवाहू. २०१७पासून पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय. पूर्व परीक्षा चार वेळा निघाली, एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, अंतिम यादीत नाव आलं नाही. पण तेव्हापासून गावात मला ‘साहेब’ म्हणतात. खोली, मेस, अभ्यासिका यांचे पैसे धाकटा भाऊ पाठवतो. एप्रिलमध्ये मनाशी ठरवलं की बास झालं. कुणाला सांगितलं नाही. अजून रोज सकाळी सातला अभ्यासिकेत जातो, पुस्तक उघडं ठेवतो आणि फोन बघत बसतो. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं वाचली, पहाटे चारला उठून पाहिलं, आरशासमोर वाक्यं म्हणून पाहिली. आठ दिवसांत सगळं बंद पडलं. नोकरी काहीतरी मिळेलही. पण परीक्षा सोडली तर मी कोण, तेच कळत नाही. दिवाळीला गावी जावं का, हेही ठरत नाही. – पेठेतला साहेब”

नमस्कार,

‘नोकरी काहीतरी मिळेलही’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आणि आम्हाला ते वाक्य सगळ्यात कामाचं वाटलं. म्हणजे पोटाचा प्रश्न सुटेल असं तुम्हालाही वाटतं. अडलंय ते ओळखीपाशी.

मराठीत या शब्दाची मोठी सोय आहे. ओळख करून देतात, ओळख होते, ओळख पटते, प्रवासात ओळख निघते, अडल्यावेळी ओळख लावतात. यातलं एकही काम एकट्याने होत नाही. दर वेळी समोर दुसरं माणूस लागतं. तुम्ही मात्र सहा महिने ते एकट्याने उरकायला बघताय, तेही पहाटे चारला, अख्खी पेठ झोपलेली असताना. ते जमलं नाही यात तुमच्या जिद्दीचा दोष नाही.

पुढे जाण्याआधी एक तपासणी करा. गेले दोन आठवडे जवळजवळ रोज झोप किंवा भूक बिघडलेली आहे का, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही का, ‘आपण नसलेलं बरं’ असे विचार येतात का? उत्तर हो असेल, तर खालचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे चोवीस तासांत कधीही मराठीत बोलता येतं. ‘आपण नसलेलं बरं’ हा विचार येत असेल तर फोन आजच करा आणि आज रात्री खोलीवर एकटे राहू नका. आजारपणाला आत्मविकासाचे व्यायाम लावले की माणूस आणखी खचतो, कारण मग व्यायामही जमला नाही याची भर पडते.

तसं काही नसेल तर पुढे वाचा.

परीक्षा सोडणं इतकं का दुखतं? नोकरी गेलेल्या माणसाचा एक कोपरा जातो, तुमचं अख्खं घर जातंय. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी ही ओळख सगळ्या सामानासकट येते. तिच्यात वेळापत्रक असतं, बसायची जागा असते, मेसच्या टेबलावरचे मित्र असतात, कटऑफ, ॲटेम्प्ट, ‘पोस्ट निघाली’ ही बोली असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भविष्यकाळ असतो. पंचविशीत ते सगळं एकदम मिळालं आणि दुसरं काही जमवायची गरजच उरली नाही. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६मध्ये तरुणांच्या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यातल्या एकीत माणूस दुसरं काही करून न बघता आयती ओळख घेतो आणि तिच्यात घट्ट बसतो. वरून तो अतिशय ठाम दिसतो. गोची अशी की ती ओळख मोडली तर खाली दुसरी नसते.

त्यात तुमची तर उधारीवरची. गावाने ‘साहेब’ पदवी आगाऊ दिली. तुम्ही मागितली नव्हती, पण नाकारलीही नाही, आणि आता व्याज चढतंय.

दुसरी गोष्ट. कार्स्टन व्रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३पासून ध्येय सोडण्यावर बरंच काम केलं. त्यात त्यांनी एक फार उपयोगी फरक केला आहे: प्रयत्न सोडणं वेगळं आणि बांधिलकी सोडणं वेगळं. तुम्ही एप्रिलमध्ये प्रयत्न सोडलेत. बांधिलकी तशीच आहे, म्हणून सातच्या ठोक्याला पाय अभ्यासिकेकडे वळतात. या अर्ध्या अवस्थेत परीक्षा निघत नाही आणि नवीन काही सुरूही होत नाही. शिवाय भावाचे पैसे रोज जातात, हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून फोन बघण्यातही मजा उरत नाही. याच कामात असं दिसलंय की जुनं ध्येय सोडून दुसऱ्या कशाला तरी हात घालणारे लोक बरे राहतात. म्हणून आधी नीट सोडायचं आणि लगेच, पंधरवड्याच्या आत, दुसरं काही धरायचं. ‘सहा महिने शांतपणे विचार करतो’ हा मधला टप्पा टाळा. तो तुम्ही केलात आणि त्यातून हे पत्र निघालं.

सोडायची रीत

एक तारीख ठरवा, या महिन्याची अखेर. त्या दिवशी अभ्यासिकेची जागा सोडा, अनामत दिली असेल तर परत घ्या. पाकिटात आलेले ते पैसे हा निर्णयाचा पहिला पुरावा. पुस्तकांचे तीन भाग करा: ज्यांच्या नव्या आवृत्त्या आल्या ती रद्दीत, चालू आहेत ती निम्म्या किमतीला विकायला, आणि हाताने काढलेल्या नोट्स एखाद्या ज्युनिअरला. स्वतःसाठी एकच वही ठेवा. जी सगळ्यात जास्त झिजलीय ती. टेलिग्रामची चॅनेलं नुसती म्यूट करू नका, बाहेर पडा, कारण म्यूट केलेलं चॅनेल निकालाच्या दिवशी आपोआप उघडलं जातं.

‘वय ३८पर्यंत आहे, फॉर्म तर भरून ठेवू’ हा विचार येणारच. तो फुकट वाटतो, पण नाही. फॉर्म भरला की परीक्षेच्या तारखेपर्यंत प्रत्येक नव्या कामाला मनात ‘तोपर्यंत’ हा शब्द चिकटतो, आणि ‘तोपर्यंत’ केलेल्या कामातून ओळख बनत नाही. शिवाय २०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, १७५० गुणांची लेखी आणि २७५ची मुलाखत. पर्याय निवडण्याच्या सवयीवर तयार झालेल्याला ती ‘सहज देऊन बघू’ अशी राहिलेली नाही. ज्याला खरंच द्यायचीय त्याने दीड-दोन वर्षं पूर्ण झोकून द्यावी. तुम्हाला द्यायची नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

जाहिरात येईल त्या दिवसासाठी आत्ताच एक जर-तर वाक्य लिहून ठेवा: ‘जाहिरात आली, तर ४८ तास लिंक उघडणार नाही आणि त्या संध्याकाळी अमक्याबरोबर जेवायला बाहेर जाईन.’ अमक्याचं नाव वाक्यात हवं. नुसतं ‘मोह टाळेन’ लिहिलं तर त्याचा उपयोग शून्य, कारण त्यात कधी, कुठे, काय यातलं काहीच नाही.

कुणाला, कोणत्या क्रमाने सांगायचं

पहिला भाऊ. पैसे त्याचे आहेत, म्हणून हक्क त्याचा. फोनवर चालेल, पण आई-वडिलांना मात्र समोर बसून. भावाशी बोलताना चार वाक्यं पुरतात, आणि त्यात आकडे हवेत: ‘मी परीक्षा थांबवली. ठरवून एप्रिलपासून थांबलोय, तुला सांगायला उशीर केला ही माझी चूक. पुढचे तीन महिने मला महिन्याला इतके लागतील, चौथ्या महिन्यापासून एक रुपया नको. दर रविवारी काय केलं ते तुला सांगीन.’ एवढं बोलून थांबा. तो गप्प बसेल, कदाचित चिडेल. आठ वर्षं त्यानेही एक ओळख सांभाळली आहे, ‘साहेबाचा भाऊ’ ही. तिचं काय, हा प्रश्न त्याला पडणार. त्याला त्याच फोनवर समजावायला जाऊ नका, दोन दिवस द्या.

इथे बहुतेकांची एक चूक होते. ते बातमी सांगत नाहीत, बचाव मांडतात. किती गुणांनी गेलं, कोणता प्रश्न आयोगाने रद्द केला, जागा किती कमी होत्या. समोरचा ऐकतो आणि म्हणतो, ‘मग अजून एकदा दे की, थोडक्यात तर गेलंय.’ बचाव जितका भक्कम, तितका हा सल्ला जोरात येतो. गुणांचा विषय तुम्ही काढू नका.

पारावर कुणी विचारलं, ‘काय साहेब, निकाल कधी?’ तर त्याला एक ओळ: ‘परीक्षा थांबवली काका, आता अमुक काम करतो. तुमचं सोयाबीन काय भावाने गेलं?’ बाजारभावाचा विषय निघाला की तुमचा निकाल मागे पडतो. ‘साहेब म्हणू नका’ असं मुद्दाम सांगायची गरज नाही. चार-सहा महिन्यांत काही जण सोडतील, काही जण कायम म्हणत राहतील, आणि मग ते टोपणनाव होईल. गावात बाबुराव नावाच्या माणसाला सगळे मास्तर म्हणतात आणि तो कधी शाळेत शिकवायला गेलेला नसतो, तसंच.

आता ‘मी कोण’

डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की आपल्या आत काय आहे याचे धागे अंधुक असतील तेव्हा आपण स्वतःला दुसऱ्यासारखंच ओळखतो: आपण काय करतो ते पाहून. तुम्ही रोज सात वाजता खुर्चीत बसलेला, फोन बघणारा एक माणूस बघताय आणि त्यावरून स्वतःबद्दल मत बनवताय. आरशासमोर ‘मी सक्षम आहे’ म्हणताना तुमचाच मेंदू साक्षीपुरावा मागतो, आणि तो नसतो. म्हणून वाक्यं खोटी वाटली. ती वाईट होती असं नाही, त्यांची पाळी शेवटची होती. आधी कृती, मग ती बघणारं कुणीतरी, आणि मग वाक्य.

कृती कोणती, हे आवडीनिवडीच्या चाचण्यांतून शोधू नका. ‘मला काय आवडतं’ या प्रश्नाला आठ वर्षं एकच उत्तर दिलेल्या माणसाची आवड तूर्त भरवशाची नसते. त्याऐवजी फोन घ्या. व्हॉट्सॲपच्या शोधचौकटीत एकेक शब्द टाका: ‘कसं करायचं’, ‘जरा सांग ना’, ‘बघून दे’, ‘पाठव ना’, ‘समजाव’. मराठी लोक रोमन लिपीतही टाइप करतात, म्हणून ‘सांग’ तसंही शोधा. गेल्या एका वर्षातले निरोप बघा. कुणी, काय मागितलं, हे एका नव्या वहीत उतरवा. तास-दीड तासाचं काम आहे. शंभरेक निरोप निघतात, आणि त्यांत तीन-चारच प्रकार परत परत येतात: कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाला राज्यघटनेतलं कलम समजावून दे, जातपडताळणीला कोणती कागदपत्रं लागतात ते सांग, मेसचा हिशेब लाव. तुम्ही ज्याची काहीच किंमत धरत नाही, तेच लोक तुमच्याकडे मागतात. त्यातले सगळ्यात जास्त वेळा आलेले दोन प्रकार निवडा.

त्या दोन्ही प्रकारांचे छोटे प्रयोग करायचे, आणि जोडीला तिसरा, हातांचा. प्रत्येकाला आठवड्याला पाच तास, एकूण बारा आठवडे. बाकीचा वेळ नोकरी शोधायला. तीनपैकी एकाचे थोडे का होईना, पैसे मिळाले पाहिजेत, आणि एकही प्रयोग खोलीत एकट्याने करायचा नाही.

अर्ज, मसुदे, नियम हा प्रकार निघाला तर पुण्यात जवळपासच्या गृहनिर्माण संस्था बघा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, इतिवृत्त लिहावं लागतं, सभासदांना नोटिसा काढाव्या लागतात, आणि समितीतल्या निवृत्त मंडळींना यातलं लिखाण जिवावर येतं. पोटनियम वाचून शुद्ध मराठीत इतिवृत्त लिहून देणारा माणूस त्यांना हवाच असतो. सप्टेंबर उलटून गेला असेल तर उरलेली इतिवृत्तं पडलेली असतात. दोन संस्थांपासून सुरुवात करा, पहिली फुकट, दुसरी पैसे घेऊन.

गावाकडे त्याचंच भावंड म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी. दहा शेतकरी मिळून ती स्थापन करता येते, म्हणून तालुक्या-तालुक्यात निघाल्या. पण वर्षाला किमान चार संचालक बैठका, त्यांची इतिवृत्तं, वार्षिक विवरणपत्रं, हिशेब हे सगळं करताना अनेकींची दमछाक होते. संचालक शेतीत हुशार असतात, कागदात अडतात. सोयाबीन खरेदीच्या हंगामात शेतकऱ्यांची नोंदणी, सातबारा, बँकखाती जुळवताना तर रांग लागते. तुमच्या तालुक्यात अशी कंपनी आहे का, एवढं भावाला विचारून ठेवा.

समजावून सांगणं निघालं तर मुलांना शिकवा: नवोदय, शिष्यवृत्ती, नाहीतर दहावीचं इतिहास-भूगोल. स्पर्धा परीक्षेचा क्लास मात्र एक वर्ष तरी काढू नका, कुणाच्या क्लासमध्ये ‘फॅकल्टी’ही होऊ नका. यावर आमचं तुमच्याशी भांडण होईल, कारण तो सगळ्यात सोपा आणि पैसे देणारा रस्ता दिसतो. काहींना तो लाभतोही. पण तुमचा प्रश्न ओळखीचा आहे, आणि तिथे खुर्चीची बाजू तेवढी बदलते, खोली तीच राहते. दर निकालाला विद्यार्थ्यांच्या यादीत तुम्ही स्वतःचा कटऑफ शोधत बसाल.

हातांचा प्रयोग लोकांना फालतू वाटतो आणि ते तोच आधी गाळतात. गाळू नका. मेसच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून दोनदा पन्नास जणांची भाजी, सायकल दुरुस्ती, रोपवाटिकेत कलमं बांधणं, काहीही. तुमच्या आधीच्या कामात केलेल्याचं फळ कळायला वर्ष-दीड वर्ष लागायचं: पूर्व, मुख्य, मुलाखत, यादी, आणि मध्ये न्यायालय. इथे तासाभरात कळतं की भाजी खारट झाली. ‘मी केलं आणि ते झालं’ हा धागा तुमच्यात ताणून ताणून सैल झालाय. तो अशाने परत घट्ट होतो.

प्रत्येक वेळचं काम झालं की वहीत तीन रकाने भरा, दोन मिनिटांत. काय केलं, क्रियापदात: ‘इतिवृत्त लिहिलं’, ‘तिघांना अपूर्णांक शिकवले’. ‘छान झालं’ चालणार नाही. दुसऱ्या रकान्यात कोणी पाहिलं. तिसऱ्यात उत्साह, शून्य ते दहा, आधी किती आणि नंतर किती. ही नोंद काम संपल्या संपल्या करा. रात्री खोलीवर येऊन केली तर सगळ्या दिवसाला रात्रीचाच रंग लागतो आणि आकडे दोन-तीनच्या वर जात नाहीत.

आणखी काही ठिकाणी पाय घसरतो. पहिले दोन आठवडे प्रत्येक गोष्टीत आपण बावळट दिसतो. मुख्य परीक्षा देणाऱ्या माणसाला एका क्लार्ककडून एक्सेल शिकताना अपमान वाटतो, आणि तो ‘हे आपलं क्षेत्र नाही’ असा निष्कर्ष काढतो. सहाव्या आठवड्याच्या आधी कोणताही निष्कर्ष काढायचा नाही. एकच अपवाद: पैसे बुडवले किंवा वागणूक वाईट मिळाली तर लगेच सोडा. दुसरं, मोठी उडी. हप्त्यावर पन्नास-साठ हजारांचा डेटा सायन्सचा कोर्स, ‘आयुष्य बदला’ शिबिर. बारा आठवड्यांत शिकण्यावर एकूण ३००० रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, असं आत्ताच लिहून ठेवा. कोर्सला नाव घातलं की पुन्हा ‘विद्यार्थी’ होता येतं, आणि विद्यार्थी होणं तुम्हाला फार ओळखीचं आहे, म्हणून तर त्याची भुरळ पडते.

आणि पहाटे चार सोडून द्या. सातला घराबाहेर पडायची सवय आठ वर्षांची आहे, ती सोन्यासारखी आहे, ती ठेवा. वेळ तीच, पाय फक्त दुसरीकडे न्या: वाचनालय, संस्थेचं कार्यालय, मंडई. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी मोजल्या. नवी सवय आपोआप व्हायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज होता. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. तुम्ही आठव्या दिवशी ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून थांबलात, ते फारच लवकर.

बारा आठवड्यांनी वही उघडा. सगळ्यात जास्त उत्साह कशात, हे बघालच, पण आम्ही त्याच्या आधी दुसरं बघू: कुणी परत बोलावलं का? आपणहून फोन करून ‘पुढच्या महिन्यातही याल का’ असं विचारलं का? कुणी तुमचं नाव तिसऱ्याला सांगितलं का? जिथे हे झालं, तिथे तुमची ओळख झाली, मराठीतल्या साध्या अर्थाने. तिथेच पुढचे सहा महिने घाला, उत्साहाचा आकडा सातऐवजी सहा असला तरी.

नोकरीच्या अर्जात आठ वर्षांचं काय लिहायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार तिथेच. लपवू नका आणि फुगवूही नका. एक ओळ: ‘२०१७ ते २०२५, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पूर्व परीक्षा चार वेळा उत्तीर्ण, एकदा मुलाखत.’ लगेच खाली प्रयोगांतली कामं, आकड्यांसह: किती संस्था, किती इतिवृत्तं, किती मुलं. युनिकोड मराठी टायपिंगचा वेग आणि एक्सेलमध्ये खरंच येतं तेवढंच, कारण मुलाखतीत पिव्होट टेबल समोर करून दाखवायला सांगतात. ‘आता परीक्षा का सोडली’ या प्रश्नाला दोन वाक्यं पुरेत, आणि दुसरं वाक्य पुढच्या कामाबद्दलचं असावं. पहिला पगार वयाला शोभणारा नसेल. बावीस वर्षांची मुलगी तुमची वरिष्ठ असू शकते. तिला ‘मॅडम’ म्हणा आणि शिका.

स्वतःची ओळख करून द्यायची वाक्यं या काळात सतत बदला. परीक्षेचा उल्लेख न करता तीन वाक्यांत, क्रियापदं वापरून, पाच अनोळखी माणसांना ओळख सांगा: केश कर्तनालयात, एसटीत, संस्थेच्या सभेत. कोणत्या वाक्यानंतर समोरचा आपणहून पुढचा प्रश्न विचारतो, ते लक्षात ठेवा. ते वाक्य ठेवा, बाकीची टाका. पहिल्या-दुसऱ्या वेळी घसा कोरडा पडेल.

परीक्षा पुरती पुसायची मात्र नाही. आपल्याकडे संन्याशाच्या मागच्या आयुष्याला ‘पूर्वाश्रम’ म्हणतात. नाव बदलतं, कपडे बदलतात, तरी ‘पूर्वाश्रमीचे अमुक’ असं लोक सांगतातच. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ हेलन रोझ ईबॉ स्वतः पूर्वाश्रमीच्या ख्रिस्ती जोगीण. मोठी भूमिका सोडलेल्या १८५ जणांच्या मुलाखती घेऊन १९८८मध्ये त्यांनी लिहिलं, की अशा माणसाची नवी ओळख जुनीचा माग सोबत घेऊनच चालते. इतर लोक बराच काळ जुन्या ओळखीनेच वागवतात, आणि ते सांभाळणं हा बाहेर पडण्याचाच भाग असतो. ती झिजलेली वही ठेवायला सांगितली ती यासाठीच.

मित्रांबद्दल थोडं. पोस्ट मिळालेले मित्र अभिनंदनाचे निरोप झेलत असतात. त्यांच्या ग्रुपमध्ये तूर्त थांबण्यात अर्थ नाही, पण एकाला वेगळं भेटत रहा. अजून अभ्यास करणाऱ्यांना ‘तूही सोड’ सांगू नका. आपण सोडल्यावर दुसऱ्यालाही बाहेर ओढायची फार इच्छा होते, त्यात आपल्या निर्णयाला सोबत हवी असते एवढंच. आणि परीक्षेशी काडीचा संबंध नसलेला एक तरी नवा माणूस जोडा, ज्याला मेन्स म्हणजे काय तेही माहीत नाही. त्याच्यासोबतचा तास हा सुट्टीसारखा असतो.

राहिला दिवाळीचा प्रश्न. जा. जाण्याआधी भावाला सांगून झालेलं असू द्या, म्हणजे घरात एक माणूस तुमच्या बाजूला उभा असेल. आई-वडिलांना पहिल्याच रात्री सांगा, अभ्यंगस्नान आणि फराळ होईपर्यंत थांबलात तर मग परत निघायच्या सकाळी सांगाल, आणि ते त्यांच्यावर टाकून पळाल्यासारखं होईल. वडील काय म्हणतील ते म्हणतील, उत्तर देऊ नका, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर शेतात जा. सोयाबीन निघून रब्बीची तयारी चालू असेल, कामाला तोटा नाही. एक दिवस काढून तालुक्याच्या त्या कंपनीत जाऊन या, वहीतली दोन पानं दाखवा. आणि पुस्तकांची पेटी सोबत नेऊ नका. घरात ती एकदा आली की कपाटावर तिला जागा होते, आई वरून कापड घालते, आणि मग कुणाच्यानं ती तिथून हलत नाही.